माय म्हणजे पाणी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही — इथे भुतांचे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण याच वाक्याने सुरुवात करतो, तेव्हा मीही ते उरकून घेतो. फरक इतकाच, की माझा आजही नाही. ही गोष्ट घडून बरीच वर्षं झाली, तरी नाही. बायको म्हणते, "मग लिहिता कशाला?" लिहितो अशासाठी, की मी मशीनवरचा माणूस आहे. एखादा जॉब ड्रॉइंगप्रमाणे निघाला नाही, तर कुठे चुकलं ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. यात कुठे चुकलं ते मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर जरूर सांगा. मात्र कृपा करून "माणसाने श्रद्धा ठेवावी" वगैरे सांगू नका... ते ऐकून माझे कान किटलेत.

तर — साल १९९८, मे महिना. मी तेव्हा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. बोटींच्या इंजिनांचे भाग आम्ही दुरुस्त करायचो. राहायला अजमानला — दोन खोल्या, मी, बायको सुनंदा आणि आठ वर्षांची मुलगी अदिती. मूळ गाव पाचोऱ्याजवळ, खानदेशात. गल्फमधलं माझं ते बारावं वर्ष.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी आईला व्हिजिट व्हिसावर तीन महिने अजमानला आणलं होतं. आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आमच्याकडे आईला 'माय' म्हणतात. मीही तिला मायच म्हणायचो. पण इथे मुद्दाम 'आई' लिहितोय. का, ते कळेलच.

आमच्या बिल्डिंगला लागून एक जुनं बैठं घर होतं. तिथे उम्म सईद नावाची म्हातारी राहायची, तिथलीच, अजमानची. दुपारची नमाज आटोपली की ती आमच्या दारात येऊन बसायची. आमची आई खानदेशी मराठीत बोलायची, ती अरबीत. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नसे आणि दोघी तासन् तास बोलायच्या. गुडघे, सुना, देव — दुसरं काय असणार! मध्येच उम्म सईद बुरख्याखालून गोळ्यांची डबी काढायची आणि म्हणायची, "माय."

गल्फच्या अरबीत पाण्याला 'माय' म्हणतात. आमच्या वर्कशॉपमध्ये पठाण असो, मल्याळी असो, बंगाली असो — जून महिन्यात माणूस पहिला शब्द शिकतो तो हाच. उम्म सईदने 'माय' म्हटलं की आई "आले गं बाई" म्हणत आत जायची आणि तांब्या-भांडं घेऊन यायची. अदितीला याची मोठी मौज वाटे. "आज्जी, शी इज नॉट कॉलिंग यू! शी जस्ट वॉन्ट्स वॉटर!" आजीला नातीचं इंग्रजी कळायचं नाही, आणि नात मराठीत उत्तर द्यायला तयार नसे. मी मनात म्हटलं, चला, आई एक तरी अरबी शब्द शिकली.

मेच्या सुरुवातीला व्हिसा संपत होता. आईला सोडायला मी गावी जाणार, असं ठरलं होतं. तसा शब्दच दिला होता तिला. आणि त्याच आठवड्यात मालकाने बोलावून सांगितलं, अलेक्झांड्रियाला एक वर्कशॉप बंद होतंय, तिथली जुनी बोअरिंग मशीन बघून या. सोबत मजदी. मजदी आमच्याकडे फिटर, मूळचा अलेक्झांड्रियाचाच. मला सरळ म्हणता आलं असतं, की दुसऱ्याला पाठवा. तसं म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू — मला ते शहर बघायचं होतं. शाळेत सात आश्चर्यं पाठ केली होती, त्यातलं दीपगृह तिथलं. आमच्या गावातून कोण कधी जाणार तिथे?

सुनंदा म्हणाली, "अहो, मे महिना आहे. एसीतून उठून एकदम त्या उन्हात... तुम्ही बरोबर असायला हवं."

"तिचा जन्म गेलाय त्या उन्हात," मी म्हटलं.

आई म्हणाली, "जाय बापा तू. मी काय लहान आहे?" भुसावळच्या एका ओळखीच्या जोडप्यासोबत तिला विमानात बसवून दिलं. ती पोचल्याचा फोन आला. आठवडाभराने मी आणि मजदी निघालो.

अलेक्झांड्रिया — तिथले लोक इस्कंदरिया म्हणतात. मशीनचं काम दोन दिवसांत खलास झालं. मशीन भंगार होती, ते पहिल्या तासातच कळलं होतं, पण रिपोर्टसाठी सगळी मापं घ्यावी लागली. तिसरा दिवस मोकळा. मजदी सकाळीच हॉटेलवर आला. "यल्ला, चल, तुला माझं शहर दाखवतो."

शहर मला आवडलं, यात शंका नाही. दुबई-शारजात सगळं काल बांधल्यासारखं. इथे जी भिंत बघावी ती कोणाच्या तरी पणजोबाच्या आधीची. समुद्राच्या कडेने लांबच लांब रस्ता, त्यावर जुन्या उंच इमारती, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेल्या, गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घातलेले. निळ्या ट्राम इतक्या सावकाश चालतात, की माणूस चालत पुढे जाईल. न्याहारीला डाळीच्या वड्यासारखं एक हिरवं प्रकरण खाल्लं, सोबत मिरचीचं लोणचं. खानदेशी माणसाला आणखी काय हवं?

मग किल्ल्याकडे गेलो. बंदराच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र. मजदीने सांगितलं, इथेच ते दीपगृह होतं. भूकंपात पडलं, आणि त्याचेच दगड वापरून हा किल्ला बांधला. मी दगडांना हात लावून पाहिला. दगड दगडासारखेच होते. मजदी तिकिटं काढायला रांगेत गेला आणि मी बाहेरच्या कठड्यापाशी थांबलो.

वेळ सकाळी साडेअकरा. वेळ नक्की आठवते, कारण मजदीच्या बहिणीकडे एक वाजता जेवायला जायचं होतं आणि मी घड्याळ बघत होतो. ऊन होतं, पण आपल्यासारखं नाही, वारा छान होता. कठड्यावर माझ्यापासून चार-पाच फुटांवर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी. बाकी जवळ कोणी नाही. पलीकडे गळ टाकून बसलेले दोघे-तिघे, पण ते बरेच लांब.

"माय."

अगदी स्पष्ट. बारीक, दमलेला आवाज. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. बारा वर्षांची सवय... डोकं काही विचार करायच्या आत हात पुढे झाला. म्हातारीने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घेतली नाही.

"माय."

मी टोपण काढून दिलं. म्हटलं, उघडता येत नसेल. ती मागे सरकली. मला जरा रागच आला. एवढं मागतेस आणि दिलं तर घेत नाहीस! तेवढ्यात तिसऱ्यांदा आलं — "माय." या वेळी मी सरळ तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तोंड मिटलेलं होतं. निदान मला तसं आठवतं. हे नंतर माझ्याच मनाने घुसडलेलं असू शकतं, हे मी मान्य करतो.

मजदी तिकिटं घेऊन आला, तर म्हातारी त्याच्यावर उखडली. हातवारे करून बरंच काही बोलली. मजदी हसायलाच लागला.

"ती म्हणते, या हिंदी माणसाला काय झालंय? मी गुपचूप बसलेय आणि हा माझ्या तोंडात पाणी ओतायला बघतोय."

"अरे, तिनेच मागितलं! तीनदा 'माय' म्हणाली."

"माय?" मजदीचं हसू थांबलं. "माय इथे कोण म्हणतं, हबीबी? ते तुमच्या खलीजचं, गल्फचं. आम्ही 'मय्या' म्हणतो." तरी त्याने म्हातारीला विचारलं. तिने दोन्ही कानांना हात लावला. ती काहीच बोलली नव्हती. जावयाची वाट बघत बसली होती, आणि तो आलाही — चांगला धट्टाकट्टा माणूस, तिला हाताला धरून घेऊन गेला. म्हणजे म्हातारी खरी होती, हवेत विरली वगैरे काही नाही. हे मुद्दाम सांगतोय.

आम्ही किल्ल्यात शिरलो. मजदी खिडक्या, तोफा दाखवत होता आणि मी नुसता हं हं करत होतो. लाटांचा आवाज असेल, गळवाल्यांपैकी कोणी ओरडलं असेल... मनात असं चालू होतं. दुसऱ्या मजल्यावर जाताना जिन्यात मी थांबलो. 'माय' इथलं नाही. मग आणखी कुठल्या भाषेत आहे? आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. अरे, माझ्याच. लहानपणी दिवसातून शंभर वेळा तोंडात असलेला शब्द, आणि मला आधी पाणी आठवलं, आई नंतर. मला स्वतःची लाज वाटली, हे सांगायला हरकत नाही.

"मजदी, मला इंडियाला फोन करायचाय."

"आत्ता? बहीण जेवायला थांबलीय."

"आत्ता."

त्याने माझं तोंड बघितलं आणि जिना उतरायला लागला. टॅक्सी करून आम्ही टेलिफोन सेंटरला गेलो. काउंटरवर नंबर लिहून द्यायचा, तीन मिनिटांचा कॉल बुक करायचा आणि नाव पुकारलं की बूथमध्ये जायचं. पंधरा मिनिटांनी लाइन लागली. धाकटा भाऊ प्रकाश फोनवर आला.

"दादा! बरं झालं तू फोन केला. सकाळपासून अजमानला लावतोय, लागतच नाही. दादा... माय चालली रे."

त्याने सांगितलं ते असं — तीन दिवसांपासून आईला ऊन लागलं होतं. ताप, उलट्या. गावातले डॉक्टर लग्नाला बाहेरगावी. पाणी दिलं की उलटी होते, म्हणून थोरल्या काकूने आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलेलं. आमच्याकडे जुन्या माणसांत तशी समजूत आहे. आता डोळे मिटलेले, अंग भट्टी. भाऊबंद जमलेले. काकूने तुळशीचं पान ठेवून चमचाभर गंगाजळ दिलं होतं.

"जीप कर, जळगावला ने!"

"हलवण्यासारखी नाही दादा. सकाळपासून सारखी 'माय, माय' करून राह्यली. तिची माय तिला पाळण्यात टाकून गेली ना... काकू म्हणते, तीच न्यायला आलीय. माणूस जाताना त्याला आपली माणसं दिसतात."

'माय, माय.' माझ्या हातात ती बाटली अजून तशीच होती, टोपण उघडलेली. इथे मी कुठलाही विचार केला नाही. विचार करायला वेळ नव्हता.

"प्रकाश, ती पाणी मागतेय."

"अं?"

"पाणी मागतेय ती! पाणी पाज!"

"दादा, ती माय म्हणतेय. पाणी कुठं —"

"अरे गाढवा, इकडे पाण्याला माय म्हणतात! तीन महिने रोज ऐकलाय तिने तो शब्द. तापात तोच आलाय तोंडात! उलटी होऊ दे, काही होऊ दे, मीठ-साखर घालून पाणी दे, घोट घोट दे, आत्ता दे!"

मी इतक्या जोरात ओरडत होतो, की बाहेरच्या हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. प्रकाशने रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला. पावलांचा आवाज आला, काकूचा चढलेला आवाज आला — "वेडा झाला का रे? घशात अटकीन तिच्या!" — भांडं आपटल्यासारखं काहीतरी वाजलं... आणि तीन मिनिटं संपली. लाइन कट.

दुसरा कॉल लागायला चाळीस मिनिटं लागली. मजदी माझ्या शेजारी बाकावर बसून होता. त्याने बहिणीला फोन करून जेवण रद्द केलं. चाळीस मिनिटं मी समोरच्या भिंतीवरच्या शहरांच्या नावांची यादी वाचली. मला अरबी वाचता येत नाही.

प्रकाश आधी रडला. मग म्हणाला, "दादा, दोन तांबे प्याली. पहिला चमचा दिला तर चमचाच धरून ठेवला दातांत. सोडेना. मग भांड्यानं दिलं. डोळे उघडले रे तिनं."

संध्याकाळी तिला जीपमधून जळगावला नेलं. चार दिवस सलाइन. तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशची चांगली खरडपट्टी काढली, की अजून दोन-तीन तास पाणी दिलं नसतं तर बाई हाताला लागली नसती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हा तर आईच्या मायेचा चमत्कार. थांबा. मला तेव्हा हे सगळं बऱ्यापैकी समजावता येत होतं. आईच्या तोंडात तापात परका शब्द आला — होतं असं. मला किल्ल्यापाशी भास झाला, कारण मनात अपराधी वाटत होतं, शब्द देऊन मी सोडायला गेलो नव्हतो. वेळ जुळली हा योगायोग. सगळी मापं टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल इतक्या फरकात, बसत होती.

आठवड्याने मी गावी पोचलो. आई खाटेवर बसून सुनेला भाजीत मीठ जास्त झाल्याबद्दल बोलत होती. म्हणजे तब्येत ठीक. मी पाया पडलो, आणि मग तिच्याजवळ बसून रडलो, चांगला पाच मिनिटं. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको रे बापा. मेली का मी?"

दुसऱ्या दिवशी मी हसत हसत म्हटलं, "काय गं, आजारपणात अरबी बोलायला लागलीस!"

"काय बोलली मी?"

"सारखी माय माय करत होतीस."

"मी कशाला माय म्हणीन? मी पानी मांगत होती. पानी दे, पानी दे, घसा फाटला माझा म्हणता म्हणता. एकानं ऐकलं नाही मेल्यांनी! सारे नुसते रडू राह्यले."

मी प्रकाशकडे बघितलं. प्रकाश, त्याची बायको, थोरली काकू, शेजारचे एक मास्तर — चौघे तिच्या खाटेला लागून होते. मी चौघांना वेगवेगळं गाठून विचारलं. चौघांनी 'माय'च ऐकलं होतं. काकूने तर देवाची शपथ घेतली.

तरी मी हटलो नाही. म्हटलं, तापातलं काय आठवणार हिला? शब्द तर शिकली होतीच ना. मी विचारलं, "उम्म सईद पाण्याला काय म्हणायची, आठवतं का?"

"मला काय ठाव?"

"अगं, तुझ्याकडे पाणी मागायची ना रोज!"

"कधी मागायची?" आई माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत होती. "दारात आलेल्या माणसाला पानी देतोच ना आपण? मागायला कशाला लागते? ती तर मला 'माय' म्हणायची. एवढी मोठी बाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असंल, अन् मला माय म्हणायची. गोड वाटे कानाला."

अजमानला परतल्यावर सुनंदाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्यांना तो शब्द पाण्याचा आहे हे कळलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही, इतक्या खूश असायच्या."

मग राहिलं काय? आई म्हणते, मी पाणी म्हणत होते. गावात चौघांनी ऐकलं 'माय'. मी तिथून हजारो मैलांवर ऐकलं 'माय', आणि समोर बसलेली म्हातारी म्हणते, मी तोंडच उघडलं नाही. आईला तो शब्द पाण्याचा म्हणून माहीतच नव्हता. म्हणजे फोनवर मी प्रकाशला जे कारण ओरडून सांगितलं ते साफ चुकीचं होतं, आणि तरी बरोबर निघालं. मजदीला शारजाच्या कॅन्टीनमध्ये सगळं सांगितलं. त्याने खांदे उडवले, "अल्लाह आलम" — अल्लालाच ठाऊक — म्हणाला आणि दुसरा चहा मागवला. मला त्याच्याहून बरं उत्तर आजतागायत देता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला कळते, आणि खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकासारखा मीही एकच धसका घेऊन बारा वर्षं काढली होती — वेळेला आपण आईजवळ नसलो तर? समजा, दिलेला शब्द पाळून मी तिला सोडायला गेलो असतो. तिच्या उशाशी बसलो असतो. गावात, आपल्या माणसांत, तिने 'माय' म्हटल्यावर मला पाणी आठवलंच नसतं. मीही प्रकाशसारखाच ओक्साबोक्शी रडलो असतो, तिचे पाय धरून "जा माय, सुखाने जा" म्हणालो असतो, चमच्याने दोन थेंब गंगाजळ ओठांवर सोडलं असतं... आणि भरलेला माठ हाताच्या अंतरावर असताना माझी आई माझ्यासमोर तहानेने मेली असती.